पाय न मोडता

फ्लेक्सवाल्याच्या मशीनने तिला
सात रिकामे चौकोन छापून दिले.
सुबक, रांगेत, काळ्या काठाचे,
जशा कुणी सात खिडक्या बसवाव्यात
आणि घर बांधायचं विसरावं.

म्हणून ती माझ्याकडे आली,
बेगमपुऱ्यात, पंक्चरवाल्याला लागून
दस्तगीर पेंटर. नंबरप्लेट, विहाराचे फलक, उर्दू-मराठी.
मशीन आल्यापासून माझे ब्रश
रॉकेलच्या डब्यात उभे असतात,
नळाला पाणी येईल म्हणून उभ्या बायांसारखे.
मध्यंतरी शहराचं नाव बदललं
तेव्हा थोडं काम निघालं,
जुनं खरवडा, नवं भरा.
त्यातलाच एक पत्रा उलटा करून
मी तिच्यासाठी पांढरा मारला.

नाव विचारलं. हानी.
म्हटलं, बाई, आमच्यात हानी म्हणजे तोटा.
तिने बोटं भिरभिर फिरवली, ओठांनी गुणगुण केली,
मकबऱ्याकडे हात केला,
तिथल्या मिनाराला पोळं लटकतं.
माशी. मधाची.

शिकायला आली पालीभाषा.
देश व्हिएतनाम, पण माणसं चाम,
गाव समुद्राजवळ, आणि त्या मुलखाचं जुनं नाव
पांडुरंग.
समोरच्या हॉटेलातून पांडुरंग ओरडला,
किती चहा?

मामा वारला होता तिकडे. इकडे पेपर चालू.
मामानेच तिला गिरवायला शिकवलेलं,
पोथ्या वेताच्या टोपलीत, आढ्याला टांगलेल्या,
काढताना आधी हात जोडायचे.
शिंकं, मी म्हटलं.
हो, म्हणाली, पण आत दही नाही.
आत आखर.
हा शब्द मात्र मला कुणी सांगावा लागला नाही.

मी सवयीने आधी रेघ ओढली.
नको, म्हणाली, आमच्यांना वर धरायला काही लागत नाही.
तेहतीस वर्षं मी अक्षरं दोरीवर वाळत घातली,
नाहीतर उजवीकडून ओढत आणली.
ही आपली उभी, मोकळ्या डोक्यांची,
पोटऱ्या भरलेली, जरा वाकून
कुणाला तरी वाट देत असल्यासारखी.
क ख ग घ, क्रम आपलाच.
मग नाकातलं आलं, तर ते दोन प्रकारचं,
एक अ पोटात घेतलेलं,
दुसऱ्यात कसलासा उ,
मी म्हणायला गेलो तर म्हैस हंबरली.
पंक्चरवाला अजून हसतोय.

आता शेवटचं अक्षर.
शब्द संपतो तिथे व्यंजन एकटं पडतं,
आम्ही त्याचा पाय मोडतो.
गुरुजी छडी आपटून सांगायचे,
मोड त्याचा पाय, मोड!
हे ऐकून ती जरा मागे सरकली.
मग तुमच्यात काय करता?
तिने माझ्या हातातला ब्रश घेतला
आणि हवेतच अक्षराची शेपटी खाली ओढली,
लांब, आणखी लांब,
तोंडातला आवाज मिटल्यावरही
हात चालतच होता.

मी काढली. तोकडी राहिली.
ती बघत बसली. म्हणाली,
इतकीच ठेवली तर अ आत शिल्लक राहतो,
नाव मिटत नाही,
मामा बोलताना मध्येच थांबल्यासारखा वाटतो.
राहू दे, म्हणाली.
मी पैसे घेतले नाहीत, तिने डब्याखाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी
पत्रा काखेत धरून उभी.
नीट करा.
मामा चुकलेलं चालू द्यायचा नाही,
रात्रभर कान धरून उभं केल्यासारखं वाटलं मला.
टर्पेंटाइनची चिंधी, बारा नंबरचा ब्रश.
श्वास धरला. ओढली शेपटी
पत्र्याच्या कडेपर्यंत.

रंग ओला, म्हणून स्कूटीवर मागे बसून
तिने पाटी अंगापासून लांब धरली,
मामा तिच्याकडे तोंड करून
आणि मागच्या रिक्षांकडे, माझ्याकडे,
खरवडलेलं शहर,
ज्याचा एक काना
अजून निघायचा राहिला होता.